आतली शिवण

२०२० हे साल कापडाच्या जगाला वाईट गेलं. १२ फेब्रुवारीला गोव्यातल्या कोलवाळला फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स गेले. १५ ऑक्टोबरला मुंबईत वेशभूषाकार भानू अथैया गेल्या. दोघांच्याही बातम्या फोटोसकट छापून आल्या, मागाहून लेख आले, आणि ते योग्यच होतं. या दोन तारखांच्या मधे नागावात माझी आत्या गेली. ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, आणि वीज परत येण्याआधीच आत्या गेली. टाळेबंदीचे दिवस. खांदा द्यायला घरचे आणि शेजारचे, एवढेच. मुंबईहून कुणी येऊ शकलं नाही.

आत्याबद्दल लिहायला बसलो की मला दुकानंच आठवतात. तीही कसली, तर आमच्या वाडीच्या वर्षभराच्या सुपारीत जिथे एक झगा आला नसता, अशी. मुंबईतली उंची कपड्यांची बुटीकं. आत्याने ती पाहिली मागच्या बाजूने, जिथे कपडा शिवून तयार होतो तिथून. त्यांचा इतिहास मला आधी तिच्या तोंडून कळला, पुस्तकं आणि मासिकं मी नंतर वाचली.

आत्या हातशिलाईवाली. मशीन येत नव्हतं असं नाही, पायमशीनवर परकर-पोलकी ती बोलता बोलता शिवून टाकायची. पण तिचा खरा जीव सुईत. हेम घालताना कापडाचा एकच धागा सुईवर उचलायचा, दोरा ओढायचा पण ताणायचा नाही, म्हणजे वरच्या अंगाला टाका दिसत नाही. रेशमाला रेशमाचाच दोरा, आणि तोही आधी मेणावरून फिरवून घेतलेला. शिफॉनची कड असली तर ती दोन बोटांत वळायची, त्या बारीक वळीतून सुई न्यायची आणि वीतभर टाके झाले की दोरा हलकेच खेचायची. कड आपोआप मिटायची. अस्तर वरच्या कापडापेक्षा किंचित सैल ठेवायचं, नाहीतर चार वेळा घातल्यावर ते वरच्या कापडाला खाली ओढतं. यातलं काहीच ती समजावून सांगायची नाही. कापड हातात द्यायची, चुकलं की उसवायची, पुन्हा द्यायची.

नागावात या हुन्नराचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. गाव वाड्यांचं. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की अक्षी, मग नागाव, पुढे चौल. दोन्ही अंगांना माड-पोफळी, वाडीवाडीत विहीर, पलीकडे सुरूचं बन आणि समुद्र. इथे माणसाची ओळख त्याच्या वाडीवरून. कापडाशी या पट्ट्याचं काही नातं असेल असं आज कुणाला सांगितलं तर तो हसेल. पण शेजारचं चौल एके काळी रेशमासाठी नावाजलेलं होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इकडे आलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने चौलच्या रेशमाची तोंड भरून स्तुती केली आहे. गोव्याला आणि इतरत्र तिथूनच रेशीम जाई. १६६८ मध्ये मुंबईचं बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलं आणि कंपनीने चौलच्या विणकरांना तिकडे वसवण्याचा प्रयत्न सुरू केला. त्यांच्यासाठी कस्टम हाऊसच्या बाजूला घरांची रांग बांधायचं ठरलं. पुढे चौलचं बंदरही मागे पडलं.

अक्षीला केसीदेवरायाचा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. आमच्या नागावातही शके १२८९ चा, हंबीररावाच्या काळातला लेख सापडला. दगडावर राजाचं नाव राहिलं, शक राहिला. रेशीम दगडासारखं टिकत नाही आणि विणणाऱ्याचं नाव कोरायची रीत कुठेच नव्हती. हे सगळं मी एकदा मोठ्या उत्साहाने आत्याला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "म्हणजे आमच्या आधीही इथले लोक मुंबईलाच गेले म्हणायचे." तिला त्यात नवल वाटलं नाही.

मुंबईतल्या फॅशनची कहाणी सांगताना लोक कुलाब्यापासून सुरुवात करतात. आत्याची सुरुवात एका कोल्हापूरच्या मुलीपासून होई. भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच पुढच्या भानू अथैया. जन्म १९२९ चा. वडील अण्णासाहेब चित्रकार, पण ते ती लहान असतानाच गेले. मुलगी मुंबईला आली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. पोटासाठी ती 'ईव्हज वीकली' या बायकांच्या इंग्रजी साप्ताहिकात फॅशनची रेखाटनं करायची. त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने स्वतःचं बुटीक काढलं आणि भानुमतीला म्हणाली की नुसती चित्रं काय काढतेस, कपडेही बेतून बघ. तिथे नट्या यायला लागल्या. कामिनी कौशलने तिच्याकडून कपडे करून घेतले, मग सिनेमे आले, १९५६ चा 'सी.आय.डी.' आला, पुढे 'आम्रपाली', 'गाईड', आणि १९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर. भारताला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर.

या कहाणीत लोक ऑस्करपाशी थांबतात. आत्या बुटीकपाशी थांबायची. ती म्हणायची, कागदावर बाई उभी असते, दुकानात ती बसते, वाकते, हात वर करते. कागदावरच्या बाहीला मुंढा नसतो. भानू अथैयांचा हात बसला तो त्या छोट्या दुकानात, समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर, हे तिचं ठाम मत होतं. मला ते पटतं. चित्रकाराला कपडेपट कळतो तो मापं घेताना. बुटीकाचं पहिलं मोल हेच. तिथे बेतणारा, शिवणारा आणि घालणारा एका खोलीत येतात आणि कपडा चुकला तर तिघांनाही लगेच कळतं.

ऑस्करची बातमी आली ती एप्रिल १९८३ मध्ये, तेव्हा आमच्या घरी संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांनी संप पुकारला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. रायगड-रत्नागिरीच्या घराघरांत तेव्हा मुंबईहून माणसं परत आली, आमच्याकडेही आली. वडील नागावला वाडी शिंपायला लागले आणि बिऱ्हाडाची खोली आत्याने सांभाळली. लग्न तिने केलं नव्हतं. खोलीचं भाडं, माझ्या भावंडांच्या फिया, आजीची औषधं हे सगळं तिच्या सुईवर आलं. आधी ती चाळीतल्या बायकांचे ब्लाउज आणि फॉल करायची. मग कुणाच्या तरी ओळखीने भायखळ्याच्या एका गाळ्यात कामाला लागली. तिथे मोठ्या दुकानांचं काम येई.

ही उलथापालथ मला फार उशिरा नीट दिसली. वडिलांच्या खात्यात कापडाचा हिशेब वारांत व्हायचा, एका पाळीत किती वार निघाले ते महत्त्वाचं. आत्याच्या गाळ्यात दोन वारांवर चार-चार दिवस बसत. सुती कापडाची गिरणगावातली दुनिया बंद पडत होती आणि त्याच शहरात, थोड्याच वर्षांत, एका झग्यासाठी हजारो रुपये मोजणारी दुनिया उघडत होती. या दोन गोष्टी एकमेकींमुळे घडल्या असं नाही. पण आमच्या घरात त्या एकामागोमाग एक आल्या आणि एकीने हिरावलेलं दुसरीने थोडंफार भरून दिलं.

दुसऱ्या दुनियेचा दरवाजा उघडला तो डिसेंबर १९८७ मध्ये. नौदलाच्या गोदीच्या लायन गेटसमोर ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग आहे. अठराव्या शतकातली वास्तू. तिने आरमारी अधिकाऱ्याचं निवासस्थान पाहिलं, न्यायालय पाहिलं, हॉटेल पाहिलं. तिथे तरुण ताहिलियानी आणि त्यांच्या पत्नी शैलजा यांनी 'आँसांब्ल' हे दुकान काढलं. एकाच छताखाली अनेक डिझायनरांचे कपडे, प्रत्येकाच्या नावाने मांडलेले, असं दुकान देशात तोवर नव्हतं. रोहित खोसला लंडनला शिकून आलेले, ते पहिल्यापासून बरोबर होते. अबू जानी आणि संदीप खोसला यांचे कपडे तिथे टांगले गेले. पुढे तरुण स्वतः न्यू यॉर्कला शिकायला गेले, डिझायनर म्हणून त्यांनी नाव मिळवलं, आणि दुकानाची सूत्रं त्यांच्या बहिणीने, टीना ताहिलियानी-पारीख यांनी हाती घेतली. ते दुकान आजही आहे.

तोवर आपल्याकडे चांगला कपडा म्हणजे चांगलं कापड. नाव गिरणीचं, पेठेचं, नाहीतर गावाचं: पैठणची, येवल्याची, बनारसची, कांचीपुरमची. शिंप्याला घरचा म्हणून ओळखायचे, पण त्याच्या नावाने कुणी कपडा मिरवत नसे. परदेशी माल उघडपणे मिळत नव्हता, आयातीवर बंधनं होती. अशा वेळी कुणीतरी कॉलरच्या आत माणसाचं नाव शिवून दुकानात टांगलं आणि म्हटलं, हा कपडा या माणसाने कल्पिला आहे, याची किंमत कापडाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त आहे. हे धाडस होतं. दिल्लीत फॅशन शिकवणारी निफ्ट ही संस्था निघाली ती १९८६ मध्ये, म्हणजे या शिक्षणाची पहिली तुकडीही अजून बाहेर पडायची होती. मासिकांना डिझायनरची मुलाखत कशी घ्यायची हे ठाऊक नव्हतं. या दुकानांनी गिऱ्हाईक घडवलं, डिझायनर घडवले आणि हातकामाला पुन्हा भाव आणला. जरदोजी, आरी, चिकन, बांधणी या गोष्टी लग्नाच्या पेटीतून बाहेर आल्या आणि रोजच्या नाही तरी संध्याकाळच्या कपड्यावर बसल्या.

शाळेच्या सुट्टीत मी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून आत्याकडे राहायला जायचो. एका रविवारी तिने मला गेटवेला नेलं आणि परतताना मुद्दाम लायन गेटच्या बाजूने आणलं. काचेच्या आत एक लांब झगा होता, बहुतेक पांढऱ्यावर पांढरं भरतकाम. मी किंमत विचारू लागलो तर तिने मला गप्प केलं. बराच वेळ ती बघत उभी राहिली. मग म्हणाली, "वरून चांगलाच दिसणार रे. कपडा आतून बघायचा असतो. उलटा केल्याशिवाय काही कळत नाही." आत जाऊन बघू या का, मी विचारलं. तिने चपलेकडे पाहिलं आणि मला हाताला धरून बस स्टॉपकडे नेलं.

कपडा आतून बघायचा, तसा त्या दुनियेचा इतिहासही मी तिच्याबरोबर आतून पाहिला. भायखळ्याचा गाळा माळ्यावर होता. अड्ड्यावर कापड ताणून चार बाजूंना कारागीर मांडी घालून बसायचे, बहुतेक उत्तर प्रदेशातले आणि बंगालमधले, काहींचे बापही हेच काम करत आलेले. खाका घासून नक्षी उतरवायची, मग आरीने नाहीतर सुईने भरायची. कटिंग मास्टर वेगळा, मशीनवाले वेगळे, आणि सगळ्यांत शेवटी आत्या आणि तिच्यासारख्या दोघी-तिघी. त्यांच्याकडे कपडा यायचा तो जवळजवळ पुरा झालेला. त्यांनी हेम घालायचं, अस्तर आतून टाचायचं, हुक-काजं करायची, मोती सैल असतील तर घट्ट करायचे, आणि सगळं झालं की मानेच्या मागे लेबल लावायचं. लेबल लावण्याचं काम आत्याकडे असायचं कारण तिचा टाका सरळ होता. चार कोपऱ्यांना चार बारीक टाके. दुसऱ्याचं नाव ती इतक्या निगुतीने बसवायची की ते उसवायला ब्लेड लागायचं.

मोबदला नगावर. तो गाळा कुणाचा होता ते इथे महत्त्वाचं नाही. तसे गाळे शहरभर होते आणि रीत सगळीकडे एकच. दुकान माल ठेवून घेई, विकला गेला की डिझायनरला पैसे देई, डिझायनर गाळ्याला देई, आणि गाळा कारागिराला. प्रत्येक पायरीवर थोडा उशीर. उशिराचा सगळा भार तळाशी यायचा. दिवाळीचं आणि लग्नसराईचं काम रात्र-रात्र चालायचं, पावसाळ्यात हात रिकामे. आत्याने याबद्दल कधी आरडाओरडा केला नाही. संपाने घर बसवलेलं तिने पाहिलं होतं. पण ती हिशेबाची वही ठेवायची, कुठल्या तारखेला किती नग दिले ते लिहायची आणि पैसे मिळाले की त्यावर काट मारायची. काही पानांवर काट नाही.

तरीही तिला त्या कामाचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. चाळीत कुणी ब्लाउज घाईने मागे, घट्ट-सैल चाललं की झालं. गाळ्यात कामाला वेळ होता. एक कड तीनदा उसवून पुन्हा घालायला सांगणारा माणूस तिथे भेटायचा आणि आत्याला असा माणूस आवडायचा. आपल्या हातात किती बारीक काम आहे हे तिला त्या गाळ्यातच पहिल्यांदा उमगलं. बुटीकांनी पैसे कमी दिले असतील, पण कारागिराकडून उत्तम काम मागितलं. आणि उत्तम काम मागणारं कुणीच उरलं नाही की कला मरते.

नव्वदच्या दशकात दुकानं वाढली. १९९३ मध्ये अल्टामाउंट रोडवर संगीता काठीवाडा यांनी 'मेलांज' काढलं, हातमागाच्या कापडाला तिथे मानाची जागा होती. रोहित खोसला १९९४ मध्ये गेले, चाळिशीही न गाठता. आणि त्याच सुमारास मुंबईत वाढलेला एक गोंयकार उलट्या दिशेने निघाला. वेंडेल रॉड्रिक्स आधी केटरिंग शिकले, मस्कतमध्ये नोकरी केली, साठवलेल्या पैशांवर लॉस एंजेलिस आणि पॅरिसला फॅशन शिकले. मुंबईत बस्तान बसत असतानाच ते शहर सोडून कोलवाळच्या जुन्या घरात राहायला गेले. बाकीचे भरतकाम वाढवत होते तेव्हा त्यांनी ते कमी केलं. पांढरं, सुती, लिनन, सैल, वाऱ्याला वाट देणारं. किनाऱ्यावरच्या माणसाने किनाऱ्यावरच्या हवेसाठी बेतलेले कपडे. गोव्याच्या कुणबी बायकांची चौकड्यांची लाल साडी मागावरून जवळजवळ उतरली होती, ती त्यांनी पुन्हा विणायला लावली. गोव्याच्या पेहरावाचा इतिहास त्यांनी 'मोडा गोवा' या ग्रंथात लिहिला, तो २०१२ मध्ये आला. २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचं लेबल आपल्या शिष्येच्या, शुलेन फर्नांडिस यांच्या, हाती सोपवलं आणि राहतं घर वस्त्रांच्या संग्रहालयासाठी दिलं.

आत्याने त्यांचे फोटो पेपरात पाहिले होते. तिचा शेरा एकच: "याच्याकडे काम कमी दिसतं, पण अवघड असणार. भरतकाम नाही म्हणजे शिवण लपवायला जागा नाही." या एका वाक्यात तिने वेंडेल यांचं सगळं काम ओळखलं होतं. कोकणपट्टीच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला ती. कधी भेट झाली नाही, होण्याचं कारणही नव्हतं.

डोळ्यांनी साथ सोडली तशी आत्या नागावला परतली. मागे मुंबईत दुकानांचे दिवस फिरायला लागले होते. २००६ मध्ये परदेशी ब्रँडना स्वतःच्या नावाची दुकानं काढायला ५१ टक्के गुंतवणुकीची मुभा मिळाली, काही वर्षांत ती पूर्ण झाली. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला आणि जिथे भोंगा वाजायचा तिथे पॅरिस-मिलानच्या पाट्या लागल्या. वडिलांना मी एकदा तो दाखवायला नेलं. ते वर बघत राहिले, चिमणी शिल्लक आहे का ते शोधत. माणसांच्या नावाने चालणारी दुकानं आता कंपन्यांशी भिडणार होती. मैथिली अहलुवालिया यांचं 'बंगलो एट' २००३ मध्ये सुरू झालं, वानखेडे स्टेडियमच्या पोटात भरलं-बहरलं आणि २०१८ च्या शेवटी मालकिणीने ते स्वतः बंद केलं. मग एकेक बातमी. जानेवारी २०२१ मध्ये आदित्य बिर्ला समूहाने डिझायनर सब्यसाचीच्या ब्रँडचा ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटींना घेतला. पाठोपाठ तरुण ताहिलियानींशी करार झाला. रिलायन्सने त्याच वर्षी मनीष मल्होत्रा आणि रितू कुमार यांच्या कंपन्यांत हिस्सा घेतला, नंतर अबू जानी-संदीप खोसला यांच्यात. लायन गेटच्या त्या पहिल्या दुकानात ज्यांची नावं टांगली गेली, त्यांतली काही आता मोठ्या उद्योगांच्या ताळेबंदात आहेत.

यात वाईट काय, असं कुणी विचारेल. पगार वेळेवर होत असतील, भविष्यनिर्वाह निधी भरला जात असेल, तर आत्याने या बदलाचं स्वागतच केलं असतं. मीही करतो. पण एक गोष्ट हातची जाते. बुटीकात नाही म्हणण्याची सोय होती. मालकाला एखादा कपडा पटला नाही तर तो ठेवायचा नाही, एखादा वेडा कापडवाला आवडला तर नफा नसतानाही त्याचा माल कोपऱ्यात टांगायचा. असे शंभर कोपरे असले की शंभर तऱ्हांचे हात जगतात. तिमाहीचा हिशेब देणाऱ्या दुकानात कोपरा नसतो, प्रत्येक फूट जागेचं उत्पन्न मोजलेलं असतं.

मार्च २०२३ मध्ये डिऑरने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला फॅशन शो केला. मांडव्याच्या लाँच जिथे लागतात, पिशव्या-टोपल्या घेऊन आमच्याकडची माणसं जिथे उतरतात, त्याच फरसबंदीवर जगभरातले पाहुणे बसले होते. त्या कपड्यांचं भरतकाम मुंबईतल्या चाणक्य या कारखान्यात झालं होतं. त्यांची कारागिरीची शाळा बायकांना हातकाम शिकवते आणि डिऑरने त्या शाळेचं नाव जगासमोर घेतलं. पॅरिसच्या इतक्या जुन्या घराण्याने मुंबईच्या हातांचं ऋण उघडपणे मान्य केलं, याला महत्त्व आहे. नाव अजून संस्थेचं आहे, माणसांचं नाही. पण सुरुवात तिथूनच व्हायची.

आता मांडव्यापासून झिराड-चोंढीपर्यंत मुंबईकरांचे बंगले झाले आहेत आणि त्यांच्यासाठी दुकानंही. रो-रो बोटीतून गाडीसकट माणसं येतात. नागावच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, घरोघरी राहण्या-जेवणाची सोय आहे, टोप्या आणि फुलाफुलांचे शर्ट टांगलेल्या टपऱ्या आहेत. एकदा आमच्याकडे उतरलेल्या एका बाईंच्या लिननच्या अंगरख्याची कड उसवली होती. आत्या तेव्हा होती, पण सुई दिसत नव्हती तिला. माझ्या पुतणीला तिने जवळ बसवलं आणि बोटांनी चाचपडत सांगत गेली. पुतणीने कड घातली. बाई खूश होऊन किती द्यायचे विचारू लागल्या. आत्या म्हणाली, काही नको, फक्त घरी गेल्यावर उलटा करून बघा.

वादळाने पडलेली पोफळ पुन्हा लावता येते. सरकारी पंचनामे होतात, रोपं मिळतात, पाच-सात वर्षं धीर धरला की सुपारी धरते. वाडीचं नुकसान मोजता आलं, त्याची कागदावर नोंद झाली. आत्याबरोबर जे गेलं त्याचा पंचनामा कुणी केला नाही. रेशमाला कुठला दोरा, शिफॉनची कड कशी वळायची, मोत्याच्या ओझ्याने कापड फाटू नये म्हणून आतून आधार कुठे द्यायचा, हे तिला ठाऊक होतं आणि ते कुठल्याही अभ्यासक्रमात तसंच्या तसं लिहिलेलं नाही. पुतणीच्या हातात त्यातलं थोडं आलं आहे. बाकीचं गेलं. भानू अथैयांनी आपल्या कामावर पुस्तक लिहून ठेवलं, वेंडेल यांनी ग्रंथ आणि संग्रहालय ठेवलं. हातशिलाईवाल्यांच्या मागे असं काही राहत नाही, आणि टाळेबंदीत गावाकडे गेलेले कितीतरी कारागीर त्या अड्ड्यांवर परतलेही नसतील.

मी आत्याचं नाव इथे घातलेलं नाही. तिला ते आवडलं नसतं. नावाचा तिला सोस नव्हता, पैसे वेळेवर मिळावेत एवढीच तिची अपेक्षा होती. पण आपल्याला तिच्या सोसण्यामागे लपता येणार नाही. ज्या दुकानांनी देशाला पहिल्यांदा शिकवलं की कपड्याला कर्ता असतो, त्यांनी तो धडा अर्ध्यावर सोडला. कल्पना करणाऱ्याचं नाव मानेच्या मागे गेलं आणि करणारे हात नगाच्या हिशेबात राहिले. बुटीकांनी मुंबईत मोठं काम केलं आणि ते अपुरं केलं, असा माझा निवाडा आहे.

आज छोटं बुटीक चालवणाऱ्यांना, अलिबागच्या रस्त्यावर नवीन काढणाऱ्यांनाही, माझं एवढंच सांगणं आहे. मोठ्या कंपन्यांशी तुम्ही भाड्यात, जाहिरातीत, सवलतीत टिकणार नाही. त्यांना न जमणारी एक गोष्ट तुम्हाला जमेल. तुमच्याकडे शिवणारी माणसं दहा-पंधरा असतात आणि तुम्ही त्यांना ओळखता. त्यांचे पैसे माल खपण्याची वाट न बघता द्या आणि लेबलावर, तुमच्या नावाच्या खाली, त्यांची संमती घेऊन त्यांचं नाव घाला. छपाईचा खर्च तेवढाच येतो.